थांब्यावर उभे राहिलेले मोजत नाहीत

नागपुरातल्या आमच्या नंदनवनच्या चौकात बसची वाट पाहायची जागा म्हणजे लिंबाचं झाड. खरा थांबा तिथून थोडा पुढे होता, पण ते फक्त बसवाल्यांना माहीत होतं. झाडाखाली तर्री-पोह्याचा ठेला, ठेल्यापुढे बाकडी, बाकड्यांवर आमच्या ले-आऊटमधले, म्हणजे वसाहतीतले, सगळे पेन्शनवाले. बस कोपऱ्यावर दिसली की ज्याला जायचं असेल त्याने पोह्याची प्लेट डाव्या हातात घ्यायची आणि उजवा हात वर करायचा. बस थांबायची. कधीकधी ड्रायव्हरच उतरून प्लेट मागायचा. मग बसमधले लोक खिडकीतून 'चला ना भाऊ' म्हणायचे, तेही फार मनापासून नाही.

मला हे कधीच आवडलं नाही. मी शिस्तीची बाई आहे. मला रांग आवडते, वेळापत्रक आवडतं, 'येथे थांबा' अशी पाटी दिसली की मला बरं वाटतं. सदरच्या एका विमा कार्यालयात माझी नोकरी, आणि तिथेही लोक रांगेत चपला ठेवून सावलीत जाऊन बसतात. त्यामुळे आमच्या रस्त्यावरून नवी जलद बस सुरू होणार हे कळलं तेव्हा आख्ख्या नंदनवनात आनंद झालेली मी बहुधा एकटीच होते. बस विजेवर चालणारी, आतून गार, मोजक्याच ठिकाणी थांबणारी. रस्त्याच्या कडेला तिच्यासाठी पिवळ्या रंगाचा वेगळा पट्टा आखला होता. पहिल्या आठवड्यात आमच्याकडच्यांनी त्या पट्ट्यात सकाळी फिरून पाहिलं, दुपारी गाड्या लावून पाहिल्या, आणि एका संध्याकाळी तर त्यातून वाजतगाजत वरातही नेली. बस बिचारी वरातीच्या मागून हळूहळू आली. नवरदेवाच्या मामाने तिच्या ड्रायव्हरलाही पेढा दिला.

बाबा माझ्याकडेच राहतात. मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. लहानपणी मागावर बसले, पुढे माग बंद पडले तेव्हा सदरच्या एका कापड दुकानात लागले आणि साड्या दाखवता दाखवता म्हातारे झाले. आता त्यांच्या डोळ्यांना मधलं दिसत नाही. कडेकडेचं अंधुक दिसतं, पण समोर कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखावं लागतं. स्कूटर विकली त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यानंतर त्यांची स्वतःची अशी एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे सकाळची धरमपेठची बस.

धरमपेठला माझी आत्या राहते, बाबांची मोठी बहीण. पडल्यापासून तिचे पाय गेले. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर, एवढंच तिचं फिरणं. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. तिचा मुलगा आणि सून दिवसभर कामावर असतात. बाबा रोज सकाळी तिच्याकडे जातात, दोघं भांडतात, चहा पितात, पुन्हा भांडतात, वरणभात जेवतात आणि दुपारच्या बसने बाबा झोपा काढत परत येतात. आम्ही त्यांना विचारून थकलो की बाबा, मी कारने सोडते ना. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं.

"मी काय पार्सल हावो? तुह्या गाडीत कंटाळा येते मले."

मला या उत्तराचा राग यायचा. नव्या कारमध्ये कंटाळा, आणि खडखडणाऱ्या बसमध्ये मजा? पण हट्टीपणा आमच्या घरात वंशपरंपरेने चालत आलाय, त्यामुळे मी जास्त बोलत नसे.

जलद बस सुरू झाली आणि जुनी बस या रस्त्यावरून बंद झाली. आता धरमपेठला सरळ जायचं तर हीच. दुसरा मार्ग म्हणजे मेडिकल चौकात उतरायचं, तिथून दुसरी बस पकडायची, बर्डीला तिसरी. ज्याला बसवरची पाटी दिसत नाही त्याला हे जमणारं नव्हतं. बाबांनाही ते माहीत होतं, म्हणून नव्या बसच्या पहिल्याच दिवशी ते मोठ्या रुबाबात झाडाखाली जाऊन बसले.

जुनी बस आधी ऐकू यायची, मग दिसायची. तिचा खडखडाट वळणावरूनच कळायचा आणि बाबा उठून उभे राहायचे. ही विजेवरची नवीन बाई चोरपावलांनी आली. ठेलेवाल्याने झारा कढईवर आपटून "काका, गाडी!" असं ओरडेपर्यंत ती पुढे निघून गेली होती. झाडाखालच्या सगळ्यांनी हात वर केले. बस त्यांच्या समोरून गेली, पुढच्या खऱ्या थांब्यावर थांबली, दार उघडलं, दार मिटलं, आणि गेली. थांब्यावर कोणी नव्हतंच. झाडाखाली जो काही संताप झाला तो मी इथे लिहीत नाही.

आता कोणीही म्हणेल की मग दुसऱ्या दिवशी सगळे थांब्यावर जाऊन उभे राहिले असतील. नाही. आमच्याकडे असं होत नाही. एक तर तो थांबा लोखंडाचा आणि प्लास्टिकच्या पत्र्याचा, मे महिन्याच्या उन्हात त्यात बसलं की माणसाचा पापड होतो. आणि दुसरं म्हणजे अपमानाचा प्रश्न. "आमी वर्षानुवर्षं इथून चढून राहिलो, आता तुमच्यासाठी तिथं जाऊन उभं राहायचं काहून?" असं एका निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं आणि ते सगळ्यांना पटलं. लोक रोज झाडाखाली उभे राहत, रोज हात वर करत, रोज बसला शिव्या देत आणि मग शेअर ऑटोने जात. मला तर हसावं की रडावं कळेना.

बाबा मात्र दुसऱ्या दिवसापासून डोक्याला दुपट्टा गुंडाळून, पाण्याची बाटली घेऊन थांब्यात जाऊन बसू लागले, एकटेच. त्यांनी मानापमानाची चर्चाही केली नाही. त्यांना धरमपेठला जायचं होतं.

थोड्या दिवसांनी थांब्यात एक बाई दिसू लागल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्या बसवाल्यांकडून प्रवाशांची मोजणी करायला आल्या होत्या. मी ऑफिसला जाताना सहज विचारलं, तर त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं की हा थांबा काढायचा विचार आहे.

"का हो?"

"मॅडम, इथून रोज एकच जण चढतो. ते काका." त्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. "एका माणसासाठी जलद बस कशी थांबणार?"

बाबांना ते ऐकू गेलं होतं. त्यांनी दुपट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. स्कूटर विकल्यावर जसा त्यांचा चेहरा झाला होता तसा झाला. मी बाईंना झाड दाखवलं. म्हटलं, ते बघा, आमचे सगळे प्रवासी तिथे आहेत.

"तिथे नाही मोजता येत. थांब्यावर मोजायचं असतं," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून आठवडाभर फेरमोजणी आहे. तेव्हा बघू."

त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा झाडाखाली गेले आणि भाषण केलं. भाषण कसलं, आरडाओरडाच. म्हटलं, तुमच्या मानापमानापायी माझ्या बाबांचं जाणं बंद होणार आहे. सावली सोडवत नसेल तर छत्र्या आणा, पण सोमवारी थांब्यावर उभे राहा. मग हेडमास्तर म्हणाले, "काकांसाठी हाये म्हणता? मग असं सांगा ना बाप्पा. आमाले वाटलं बसवाल्यांसाठी हाये." आणि झालं, प्रश्न मिटला.

सोमवारी मी ऑफिसला सुट्टी टाकली. थांब्यावर गेले तर तिथे जत्रा. पेन्शनवाले झाडून सगळे, आमच्या गल्लीतल्या भिशीच्या बायका चांगल्या साड्या नेसून, छत्र्या, सुरईतलं पाणी, कोणीतरी घरचं पन्हं आणलेलं. पोहेवाल्याने गॅस बंद केला आणि तोही येऊन उभा राहिला. चक्क रांग लागली होती! मला भरून आलं. मोजणीवाल्या बाई टॅब उघडून चकित होऊन बघत होत्या आणि त्यांच्या हातात पन्ह्याचा पेला आला होता.

बस आली, दार उघडलं आणि बाबा चढले.

बाकी कोणीच जागचं हललं नाही. सगळे हसऱ्या चेहऱ्याने बसकडे बघत उभे. एक-दोन बायकांनी बाबांना हात हलवून टाटासुद्धा केला.

"अहो, चढा ना!" मी ओरडले.

"कुठं चढा?" हेडमास्तर म्हणाले. "आमी तं उभं राह्याले आलो. तुमीच म्हटलं उभे राहा."

"उभे राहिलेले मोजत नाहीत हो," मोजणीवाल्या बाई कळवळून म्हणाल्या. "चढलेले मोजतात!"

मी कपाळावर हात मारला. ड्रायव्हरने दार बंद करायचं बटण दाबलं, पण दार मिटेना, टीं टीं वाजत राहिलं. बाबा पायरीवरच उभे होते. पायरीवर माणूस असला की त्या बसचं दार मिटत नाही, हे त्यांना रोजच्या येण्याजाण्यातून कळलं होतं. दांडा घट्ट धरून, जिथे आवाज येत होते त्या दिशेला तोंड करून त्यांनी हाक दिली.

"चढा रे बाप्पा! चला माह्या बहिणीकडे, चहा पाजतो सगळ्याईले!"

आणि आख्खा थांबा बसमध्ये चढला. छत्र्या, सुरई, पन्ह्याची बरणी, सगळं. पोहेवाल्याने ठेला शेजारच्या पानठेल्याच्या भरवशावर टाकला. ड्रायव्हर आधी चिडला होता, पण त्यालाही पन्हं मिळालं.

थांबा पुढे टिकला, ते आत्ताच सांगून टाकते. आठवडाभर मंडळींनी पाळ्या लावून प्रवास केला, भिशी बर्डीच्या बाजारात भरवली, आणि मग पोहेवाल्यानेच शहाणपणा करून ठेला थांब्याजवळ आणला. पोहे हलले तसे लोकही हलले. बसवाल्यांना वाटतं की जनजागृती झाली.

तर त्या दिवशी बसमध्ये बाबा त्यांच्या ठरलेल्या जागेवर बसले, दाराजवळची डावीकडची खिडकी. मी मागच्या सीटवर. बस पिवळ्या पट्ट्यातून सुसाट निघाली आणि बाबांनी शेजारी बसलेल्या हेडमास्तरांना विचारलं, "काय दिसून राहिलं गा बाहेर?"

मला वाटलं, उगाच गप्पा. हेडमास्तर म्हणाले, कूलरचं दुकान आहे, फुटपाथवर बसून पोरं जाळीत गवत भरून राहिली. गवत ताजं आहे का, बाबांनी विचारलं. मग पुढे एक बाई दिसली, साडी सुकवत होती. कोणत्या रंगाची? लाल, हेडमास्तर म्हणाले.

"लाल म्हणजे कसा लाल? कुंकवासारखा का विटेसारखा?"

"तसा विटेसारखाच. पण थोडा जांभळाकडे."

"आमसुली म्हणा ना मग," बाबा म्हणाले आणि मान हलवली, दुकानात गिऱ्हाईकाला साडी पसंत पडल्यावर हलवायचे तशी.

मागच्या बाकावरून एक मुलगी आपणहून म्हणाली, "काका, मेडिकलजवळच्या त्या बहाव्याले आज फुलं आली बरं." ती आमच्या ले-आऊटमधली नव्हती. रोजची प्रवासी असावी. कंडक्टरनेही पुढून सांगितलं की टरबुजाचा ट्रक उलटा लावलाय, सगळे हॉर्न वाजवून राहिले. मग आमच्या मंडळींना खेळ समजला आणि एकच गलका झाला. काका, बँडवाले कपडे घालून बसलेत, कोट मोरपंखी! काका, एक जण स्कूटरवर गादी घेऊन चाललाय, गादीवर पोरगा! बाबा एकेकाला थांबवत होते, नीट विचारून घेत होते, मधूनच ओठांतल्या ओठांत घोकत होते. बसचा वेग त्यांना आवडत नव्हता हे मला पहिल्यांदा दिसलं. कोणी काही सांगायला लागावं तोवर ते मागे पडायचं.

माझ्या कारमध्ये काचा बंद असतात. मी समोर बघून गाडी चालवते, सिग्नलला मोबाईल बघते आणि बाबांना म्हणते, आलंच हं आता.

आत्याच्या घरी त्या दिवशी बसायला जागा उरली नाही. काही जण बर्डीलाच उतरून गेले होते तरीही. खाटेच्या कडेला, दारात, गॅलरीत माणसं. आत्या या माणसांत अशी काही खुलली होती की तिने सगळ्यांना दटावायला सुरुवात केली. कोणाचा उच्चार चुकतो, कोणाची चहात साखर जास्त, सगळं तिने बघून घेतलं. बाबा पाय धुवायला आत गेले आणि तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

"त्याचे डोये पार गेले ना वं?"

आत्याला सांगायचं नाही असं बाबांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं.

"मले केव्हाचंच माहीत हाये. मागल्या दिवाळीत त्यानं चहाच्या कपाऐवजी पाण्याच्या गिलासाकडे बोट दाखवलं, आणि म्हणते कसा, चहा पे, गरम हाये." ती हसली. "पण तू त्याले सांगजो नको. तो माह्यासाठी रोज सारं पाहून येते. त्याचं पाहणं मी काहून बंद करू?"

मला एकदम रडू आलं, पण एवढ्या माणसांत रडायलाही कोपरा नव्हता. मी कपबशा उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला.

बाहेर आले तेव्हा बाबा खुर्चीत बसून सांगत होते. कूलरचं ताजं गवत, आमसुली साडी, बहाव्याची फुलं, मोरपंखी कोटवाले बँडवाले. हात हलवून, डोळे मोठे करून, सगळं स्वतः पाहिल्यासारखं. आमच्या मंडळींपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. हेडमास्तर तर 'असं?' म्हणून नव्याने आश्चर्य दाखवत होते. बाबांचं सांगून झालं. आत्या वाट पाहत राहिली.

"बस? इतकंच?"

"इतकंच."

"ही नवीन गाडी आल्यापासून तुहं पाहणं कमी झालं गा. पह्यले चहा होऊन गेला तरी तुहं बोलणं सरत नव्हतं. आता बशीत चहा ओतत नाही तोवर धरमपेठ येते."

"गाडी पळते बाई. काय करू मी?" बाबांचा आवाज उतरला. एवढा सगळा उपद्व्याप करून थांबा वाचवायला निघालो होतो, आणि ज्या बससाठी हे केलं तीच त्यांच्या हातातलं निम्मं काढून घेत होती. पोहेवाल्याने उगाच घसा खाकरला.

मग बाबा जरा पुढे सरकले. "असं करतो," ते म्हणाले. "मी येताना रस्त्याची ही बाजू पाहतो. घरी जाताना झोपतो. आता झोपणार नाही. जाताना माह्या खिडकीतून दुसरी बाजू लागते. ते पाहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तुले सांगतो. म्हणजे भरून निघते."

आत्याने चहाची बशी खाली ठेवली. आधी तिला ते नीट कळलं नाही, मग कळलं, आणि तिचा चेहरा असा लाल झाला की कोणता लाल ते बाबांनाच विचारायला हवं होतं.

"म्हणजे इतके दिवस तू मले अर्धंच नागपूर दाखवलं?"

"हो वं बाई."

"आणि मी समजून राहिली की सारं पाहून झालं माहं," आत्या म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत पुसत हसायला लागली. "जा मग, ऊठ. दुपारची गाडी चुकवू नको."